बाबासाहेबांचे व्हायोलिन : चळवळीतील कलावंतांनी शरीर आणि मन का जपावे?

एप्रिल उजाडला की पाचोरा आणि आजूबाजूच्या गावांतील आमच्या गायन पार्ट्यांना उसंत राहत नाही. १४ एप्रिलच्या आधी सुरू झालेले कार्यक्रम बुद्ध पौर्णिमा उलटली तरी चालूच असतात. आज भडगाव, उद्या जामनेर, परवा चाळीसगाव. दिवसभर खानदेशचे ऊन, रात्री मंचावरच्या दिव्यांची झळ आणि परतीचा प्रवास मालवाहू गाडीत सामानावर बसून. गायकाला हार पडतो, शाहिराचे नाव फलकावर असते. पण ज्यांच्या बोटांवर गाणे उभे असते ते तारवाद्यवाले, म्हणजे बँजोवाला, तुणतुणेवाला, एकतारीवाला, एखादा व्हायोलिन वाजवणारा, यांच्याकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही.

आमच्या ओळखीचा एक तरुण बँजोवादक आहे. काही वर्षे त्याने भीमजयंतीचा हंगाम रोज पहाटेपर्यंत वाजवून काढला. मग त्याच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. पुढे खांद्यापासून मनगटापर्यंत कळ जाऊ लागली. त्याने कुणाला सांगितले नाही. सांगायची लाज वाटत होती, असे तो नंतर म्हणाला. बाबासाहेब अठरा-अठरा तास काम करायचे आणि आपण तीन तास वाजवून दमतो, हा विचार त्याला आतून खात होता. एका रात्री मंचावर त्याच्या हातातून नखी गळून पडली. त्यानंतर त्याने वाजवणेच सोडले.

ही गोष्ट ऐकली तेव्हा आम्हाला वाटले की यात आमचाही दोष आहे. अठरा तासांचे उदाहरण आम्हीच मंचावरून पुन्हा पुन्हा देत आलो. पण ते अठरा तास बाबासाहेबांच्या शरीराला केवढ्याला पडले, आणि त्याच बाबासाहेबांनी हातात व्हायोलिन का घेतले, हे आम्ही कधी सांगितले नाही. म्हणून आज त्यांचे आयुष्य आम्ही जरा वेगळ्या बाजूने सांगणार आहोत. त्यांच्या पदव्या आणि त्यांचे सत्याग्रह वाचकांना पाठ आहेत. आज पाहू या त्यांचे शरीर, त्यांची झोप, त्यांचे दुःख आणि त्यांचे संगीत.

सूर घरातच होता

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील सुभेदार रामजी कबीरपंथी होते. घरात भजने, कबीराचे दोहे आणि संतांचे अभंग रोज म्हटले जात. म्हणजे पुस्तकाच्या आधी सूर कानावर पडला. आई भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव पाच-सहा वर्षांचे होते. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले.

पुढे हे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत आले. एका लहानशा खोलीत स्वयंपाक, झोपणे, पाहुणे आणि अभ्यास. दिवसा वाचायला शांतता नव्हती. म्हणून मुलाने लवकर झोपायचे आणि वडिलांनी त्याला रात्री दोनच्या सुमारास उठवायचे, असा क्रम ठरला. दिव्याच्या उजेडात अभ्यास व्हायचा. रात्री जागून अभ्यास करण्याचे हे चित्र आपण कौतुकाने सांगतो. सांगावेच. पण जागरणामागचे कारणही सांगितले पाहिजे. त्या मुलाकडे दिवसा बसायला जागा नव्हती, म्हणून तो रात्री जागत होता. गरिबीने त्याची झोप घेतली होती.

लंडनमध्येही तेच झाले. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा तिकडे गेले तेव्हा हातात मोजके पैसे होते. घरमालकीणबाईंकडचा तुटपुंजा नाश्ता, दिवसभर ग्रंथालय आणि रात्री भूक लागली की मित्राने दिलेले पापड भाजून वेळ मारून नेणे. अशा अवस्थेत त्यांनी अर्थशास्त्रातील डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी या दोन्ही पदव्या मिळवल्या आणि १९२३ मध्ये ते परतले. बुद्धी जिंकली, पण शरीराच्या खात्यावर कर्ज चढत गेले.

मनावरचा भार तर वेगळाच. रमाई आणि बाबासाहेबांची चार अपत्ये लहानपणीच गेली. १९२६ मध्ये राजरत्न गेला तेव्हा ते पार कोलमडले होते. महाडचा सत्याग्रह त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, मार्च १९२७ मध्ये झाला. चवदार तळ्याकडे चालत गेलेल्या माणसाच्या पोटात तेव्हा हे दुःख होते. आपण पुतळ्याकडे पाहतो तेव्हा ते दिसत नाही.

चाळीसगावचा पूल

खानदेशातील प्रत्येक बौद्ध तरुणाला ठाऊक असावी अशी घटना १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये घडली. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. धुळ्याकडील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करून ते मुंबईकडे परतत होते. चाळीसगाव स्टेशनवर आपली माणसे जमली होती. एक रात्र आमच्यासोबत राहा, अशी त्यांनी गळ घातली. बाबासाहेब थांबले.

महारवाडा नदीपलीकडे होता. साहेबांना पायी न्यायचे नाही, टांग्यातून न्यायचे, असे लोकांनी ठरवले. तासभर खोळंबल्यावर टांगा आला. निघाल्यावर थोड्याच अंतरावर तो एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरचा कठडे नसलेला दगडी पूल आला. वळण घेताना घोडा उधळला, चाक कडेच्या दगडात अडकले आणि बाबासाहेब उडून फरशीवर आपटले. घोडा आणि गाडी नदीत कोसळली. बाबासाहेब बेशुद्ध पडले होते. लोकांनी उचलून त्यांना महारवाड्यात नेले. पाय मोडला होता, अंगावर इतरही जखमा होत्या. पुढे बरेच दिवस ते अंथरुणाला खिळून होते.

खरे कारण त्यांना नंतर कळले. चाळीसगावातला एकही टांगेवाला अस्पृश्य माणसाला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. मग आपल्यातलाच एक जण पुढे बसला. त्याने त्याआधी कधी टांगा हाकला नव्हता. पाहुण्याचा मान राखायचा म्हणून लोकांनी हे केले आणि त्यात पाहुण्याचा जीव धोक्यात आला. बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या आठवणींत, म्हणजे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात सविस्तर नोंदवला आहे. आपल्या माणसांवर त्यांनी राग धरला नाही. टांगेवाल्याच्या मनातली जात मात्र त्यांनी नेमकी दाखवली. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरपेक्षाही टांगा हाकणारा स्वतःला वरचा समजतो, हे तिथे उघडे पडले.

मुंबई-भुसावळ मार्गावर चाळीसगाव सोडले की पुढे आमचे पाचोरा लागते. या मार्गावरून आम्ही नेहमी ये-जा करतो. चाळीसगाव आले की आम्हाला दोन गोष्टी आठवतात. पहिली, जात ही फक्त विचारात नसते. ती हाडे मोडते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या शरीराला दुसऱ्यांनी राबवले, त्यांनी आपले शरीर जपणे ही चैन नाही, तोही हक्क आहे. दुसरी गोष्ट आपल्याकडे पाहायला लावणारी आहे. आपल्या माणसाचा मान राखण्याच्या उत्साहात त्याच्या जिवाची काळजी घ्यायचे राहून जाते. आजही आपण कलावंताला शाल देतो, पण त्याला रात्री घरी सोडायला जागा ड्रायव्हर आहे की नाही, हे विचारत नाही.

पायांच्या वेदना आणि संविधान

चाळीसगावच्या अपघातानंतर वर्षभरातच ते पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. १९३२ चा पुणे करार, १९३५ मध्ये रमाईंचे निधन आणि त्याच वर्षी येवल्याची घोषणा, १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष. थांबायला जागाच नव्हती. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी ते धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. त्या आठवणीत दरवर्षी तिथे लोक जमतात, गाणी होतात. आमच्या पार्ट्याही तिथे वाजवतात.

चाळिशीच्या दशकात शरीराने हिशेब मागायला सुरुवात केली. मधुमेह, संधिवात, रक्तदाब आणि पायांच्या मज्जातंतूंच्या वेदना. ऑगस्ट १९४७ मध्ये ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. समितीत सात जण होते. पण एक सदस्य वारले, एकाने राजीनामा दिला, एक अमेरिकेत होते, तर कुणी इतर कामांत किंवा प्रकृतीमुळे दूर होते. मसुद्याचा भार अखेर एकट्या बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत जाहीरपणे मान्य केले. मसुदा २१ फेब्रुवारी १९४८ रोजी सादर झाला, आणि त्याच सुमारास पायांच्या वेदनांनी बाबासाहेबांना रात्र रात्र झोप लागत नव्हती.

तेव्हा त्यांनी काय केले? दुखणे लपवले नाही. मुंबईत डॉक्टरांकडे उपचार घेतले. आपल्याला सतत वैद्यकीय देखरेखीची गरज आहे, हे सहकाऱ्यांना मोकळेपणाने कळवले. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. माईसाहेबांनी त्यांचे पथ्य, औषधे आणि इन्सुलिन यांची घडी बसवली. माईसाहेबांविषयी आपल्या समाजात पुढे खूप वाद झाले. ते बाजूला ठेवूनही इतके सांगता येईल की या देशाच्या संविधानाच्या शिल्पकाराने आजारपणात मदत मागण्यात कमीपणा मानला नाही. मग आमच्या बँजोवादकाने का मानावा?

मग व्हायोलिन कशासाठी?

पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसचे डॉ. आंबेडकर संग्रहालय आहे. माईसाहेबांनी जपून ठेवलेल्या अनेक वस्तू तिथे आहेत. त्यांत बाबासाहेबांचे व्हायोलिन आहे. ज्यांनी अजून पाहिले नसेल त्यांनी आवर्जून पाहावे. भारतरत्न, कपडे, रोजच्या वापरातल्या वस्तू हे सगळे पाहताना आपण मनोमन नतमस्तक होतो. व्हायोलिनपाशी मात्र मन वेगळेच हलते. हा माणूस कधी तरी एकटा बसून, कुणालाही ऐकवायचे नसताना, एका तारेवर स्वर शोधत होता, ही जाणीव होते.

आयुष्याच्या उत्तरार्धात, कामाचा डोंगर डोक्यावर असताना बाबासाहेबांनी शिक्षक ठेवून व्हायोलिन शिकायला घेतले. त्यांना चित्रकलेचीही ओढ होती. व्हायोलिन हे प्रौढ माणसाला सहज वश होणारे वाद्य नाही. त्याला चार तारा असतात, पण सतारीसारखे पडदे नसतात. बोट कुठे ठेवायचे हे दाखवणारी एकही खूण पट्टीवर नाही. बोट केसभर सरकले तरी स्वर बेसूर होतो. गज जोरात दाबला तर तार किंचाळते, हलका ठेवला तर नुसती खरखर येते. उभे राहून किंवा खुर्चीत बसून वाजवताना मान डावीकडे वळते, हनुवटी आणि खांद्यामध्ये वाद्य धरावे लागते. आपल्याकडचे वादक मांडी घालून बसतात आणि वाद्याचे टोक पायावर टेकवतात, तेव्हा खांद्यावरचा भार थोडा हलका होतो. काहीही केले तरी शरीर सैल ठेवल्याशिवाय हे वाद्य बोलत नाही. आवळलेल्या मुठीने ते वाजत नाही.

बाबासाहेब थोर वादक झाले असा कुणाचाही दावा नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तीच आहे. संसदेत, न्यायालयात, परिषदेत ज्यांना एकही शब्द चुकवणे परवडत नव्हते, त्यांनी चुकत चुकत शिकण्याची एक जागा स्वतःसाठी ठेवली होती. तिथे ते विद्यार्थी होते. त्यातून मत मिळणार नव्हते की खटला जिंकता येणार नव्हता. कान, बोट आणि श्वास एका जागी आणणारे ते काम होते. विपश्यनेच्या शिबिरात बसलेल्यांना हे लगेच कळेल. मन एका स्वरावर ठेवायचे, भरकटले की परत आणायचे, चुकले म्हणून स्वतःवर चिडायचे नाही.

शीतवनातला वीणावादक

बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले आणि त्याला राजगृह हे प्राचीन बौद्ध नगरीचे नाव दिले. त्या मूळ राजगृहाजवळ शीतवन होते, आणि तिथे घडलेली एका वीणावादकाची हकिकत विनयपिटकातील महावग्गात आली आहे. तारवाद्य वाजवणाऱ्या प्रत्येकाने ती माहीत करून घ्यावी.

सोण कोळिवीस हा चंपेच्या श्रेष्ठीचा मुलगा. अतिशय लाडात वाढलेला, तळपाय नाजूक. भिक्खू झाल्यावर त्याने शीतवनात चंक्रमण सुरू केले, म्हणजे चालत चालत ध्यान. इतके चालला की तळपाय फाटले आणि चंक्रमणाची जागा रक्ताने माखली. तरी चित्त मुक्त होईना. शेवटी त्याला वाटले, आपल्याच्याने हे होणार नाही, घरी परत जावे आणि दानधर्म करावा. आमचा बँजोवादकही याच वळणावर आला होता. आधी स्वतःला पिळून काढायचे, आणि मग एक दिवस सगळेच सोडून द्यायचे.

तथागत त्याच्याकडे गेले. त्यांनी त्याला उपदेशाचे मोठे व्याख्यान दिले नाही. घरी असताना तू वीणा वाजवण्यात कुशल होतास ना, असे त्याच्या ओळखीच्या वाटेने विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा सुरात वाजायची का? नाही. फार सैल सोडल्या तर? नाही. दोन्ही टोके टाळून योग्य लावल्या, तर मात्र वाजायची. मग प्रयत्नाचेही तसेच आहे. अती ताणला तर चित्त अस्वस्थ होते, अती सैल सोडला तर आळस येतो. सोणाने प्रयत्नाची तार नीट लावली आणि त्याच जीवनात तो अर्हत झाला.

प्रवचनात ही हकिकत बहुतेक इथेच थांबते. पण महावग्गात ती पुढे जाते, आणि पुढचा भाग कार्यकर्त्यांसाठी फार मोलाचा आहे. सोणाचे पाय नाजूक आहेत म्हणून बुद्धांनी त्याला एकपदरी पादत्राणे वापरण्याची परवानगी दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेण्यास नकार दिला. एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता चपलांसाठी सवलत घेतली, असे लोक म्हणतील. संघाला परवानगी मिळाली तर मीही वापरीन, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हा बुद्धांनी संपूर्ण संघालाच ती परवानगी दिली.

म्हणजे बुद्धांनी फक्त सोणाला मन शांत ठेव असे सांगितले नाही. त्यांनी नियम बदलला. जखमी पायाला चप्पल दिली, आणि ती एकाला नव्हे, सगळ्यांना. मनाचा समतोल आणि शरीराची सोय या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात आल्या आहेत. आपण मात्र कलावंताला ध्यान कर म्हणून सांगतो आणि पहाटे चारपर्यंत वाजवायलाही लावतो.

आपल्या हातात काय आहे?

आधी वादक मित्रांसाठी. बोटांना मुंग्या येणे, बधिरपणा, रात्री झोपेतून उठवणारी मनगटाची कळ, हातातून वस्तू निसटणे ही थकव्याची साधी लक्षणे समजू नका. मज्जातंतूवर दाब येत असल्याची ती खूण असू शकते. मलम चोळून पुढचा कार्यक्रम घेण्यापेक्षा हाडांच्या किंवा मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा. घरात मधुमेह असेल तर साखर तपासून घ्या, कारण वाढलेली साखर हातापायांच्या मज्जातंतूंना इजा करते. सुरुवातीलाच द्रुत लयीत शिरू नका. आधी पाच-दहा मिनिटे खांदे, मान, मनगट सैल करा, संथ वाजवा. घरी रियाज करताना अर्ध्या तासाने वाद्य खाली ठेवा, उठून चाला. बँजो म्हणजे आपले बुलबुल तरंग. ते जमिनीवर ठेवून वाकून वाजवण्यापेक्षा पाठ सरळ राहील इतक्या उंचीच्या पाटावर ठेवा. नखी घट्ट आवळू नका, आवाज माईक वाढवील. स्पीकरच्या तोंडाशी बसू नका, कानाला झालेली इजा भरून येत नाही. आणि झोप उडवण्यासाठी तंबाखू, गुटखा किंवा दारूचा आधार घेऊ नका. पाचवे शील आपण मंचावर म्हणतो, ते मंचामागेही लागू आहे.

वाजवायला बसण्यापूर्वी दोन मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे पाहा. आनापान करणाऱ्यांना सवय असेलच. जबडा आवळलेला आहे का, खांदे कानाकडे चढले आहेत का, पोट ताठ आहे का, एवढेच तपासा. कायानुपश्यना म्हणजे शरीर जसे आहे तसे पाहणे. वादकाला ती रोज उपयोगी पडते.

आता जयंती मंडळे आणि आयोजकांसाठी, म्हणजे आमच्यासाठीही. कार्यक्रमाची सुरुवात आणि शेवट आधीच ठरवा आणि पाळा. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा कायद्यानेच आहे, शासनाने सूट दिलेल्या दिवशी ती मध्यरात्रीपर्यंत असते. भाषणे लांबली म्हणून गायन पहाटेपर्यंत ढकलू नका. नेत्यांची भाषणे कमी करा. वादकांना पाठ टेकायला खुर्ची, पिण्याचे पाणी, कार्यक्रमाआधी जेवण आणि परतीचे सुरक्षित वाहन द्या. मानधन त्याच रात्री हातात ठेवा, कारण उधारीच्या मानधनामुळेच कलावंत सलग पंधरा रात्री वाजवतात. आणि एखाद्याने आज माझा हात दुखतो म्हटले, तर त्याला बाबासाहेबांचे अठरा तास ऐकवू नका. मसुदा समितीतले इतर दूर राहिले म्हणून एका माणसावर केवढा भार पडला, ते आठवा. आपल्या पार्टीत एकाच्या बोटांवर सगळा हंगाम टाकण्यापेक्षा दोन वादक तयार करा.

शेवटची संध्याकाळ

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांसह बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला, तेव्हा त्यांना चालताना आधार लागत होता. दृष्टीही अधू झाली होती. नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परत दिल्लीला आले. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे काम अखेरपर्यंत चालू होते. ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९५७ मध्ये प्रकाशित झाला.

५ डिसेंबरच्या संध्याकाळची आठवण त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवली आहे. २६, अलीपूर रोडवरच्या घरात बाबासाहेबांनी रेडिओग्रामवर बुद्धवंदनेची तबकडी लावायला सांगितली. तिच्या सुरात सूर मिसळत, सोफ्याच्या हातावर बोटांनी ताल धरत ते बसले होते. लहानपणी वडिलांच्या भजनात जो सूर कानावर पडला होता, तो शेवटच्या संध्याकाळीही सोबत होता. रात्री त्यांनी प्रस्तावनेचे कागद पलंगाजवळ मागून घेतले. ६ डिसेंबरला झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय अवघे ६५.

हे ६५ वर्षांचे आयुष्य आणखी दहा वर्षे लांबले असते तर, हा विचार प्रत्येक आंबेडकरी घरात एकदा तरी येऊन गेला आहे. त्यांना आपण परत आणू शकत नाही. पण त्यांचे गाणे गावोगाव नेणाऱ्या हातांना आपण जपू शकतो.

आमचा तो बँजोवादक आता उपचार घेतो आहे. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतो. या बुद्ध पौर्णिमेला विहारात त्याने वंदनेनंतर फक्त एक गाणे वाजवले आणि वाद्य खाली ठेवले. पुढच्या गाण्याला त्याच्या जागी एक मुलगी बसली, जिला तो सध्या शिकवतो आहे. आम्ही त्याला थांब म्हणालो नाही, आणखी वाजव असेही म्हणालो नाही. त्याची तार त्यानेच लावली होती.

जयभीम! नमो बुद्धाय!